पोटाच्या चरबीतून स्टेम सेल काढून क्रोन्सच्या भगंदरावर उपचार – भावासाठी विचारतेय

कृष्णाकाठची

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न मोठा आहे पण शेवटपर्यंत वाचा प्लीज, घरात यावरून रोज वाद चाललेत. माझ्या धाकट्या भावाला क्रोन्स (आतड्याला सतत सूज येण्याचा आजार) आहे, वय २६. आधी गुदद्वाराशी गळू यायचं, फुटायचं, परत यायचं. गावात मूळव्याध म्हणून मलमं दिली, मग टीबीच्या गोळ्यांचा अख्खा कोर्स झाला, शेवटी मिरजेला कोलोनोस्कोपी आणि बायोप्सी झाली तेव्हा क्रोन्स आहे हे नक्की झालं. आता भगंदर झालंय, एमआरआयमध्ये दोन मार्ग दिसतायत आणि सर्जननी त्यात पू वाहता राहावा म्हणून सेटनचा धागा घालून ठेवलाय. अ‍ॅझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालू आहे तरी पू येणं थांबत नाही, पोरगं ऑफिसात खुर्चीवर बसू शकत नाही, जादा कपडे बॅगेत घेऊन जातं, लग्नाचं तर नावच काढू देत नाही.

पोटाच्या डॉक्टरांनी इन्फ्लिक्सिमॅब हे सूज दाबणारं इंजेक्शन सुचवलंय. त्यांचं म्हणणं उशीर करू नका. पण मध्येच आमच्या आत्तेभावाने एका क्लिनिकचं माहितीपत्रक आणलं, नाव लिहीत नाही. तिथे सांगतात की पोटाची थोडी चरबी लायपोसक्शनने काढायची, दोन तासांत त्यातून स्टेम सेल वेगळ्या करायच्या, अर्ध्या भगंदरात टोचायच्या आणि अर्ध्या सलाइनमधून सोडायच्या, संध्याकाळी घरी. खर्च साडेतीन लाख. "स्वतःच्याच पेशी म्हणून साइड इफेक्ट नाही" आणि "युरोपात मंजूर उपचार" असं छापलंय. आई बांगड्या मोडायला तयार झालीय कारण तिला इन्फ्लिक्सिमॅबची भीती वाटते, कुणीतरी सांगितलंय त्याने प्रतिकारशक्ती मरते म्हणून.

मला एवढंच विचारायचंय की चरबीतून या सेल काढतात म्हणजे नेमकं काय करतात, दोन तासांत खरंच होतं का, आणि क्रोन्सच्या भगंदरावर याचा उपयोग झाल्याचं कुठे सिद्ध झालंय का. ज्यांना आतली माहिती आहे त्यांनी सांगा. "श्रद्धा ठेवा" वगैरे नको, ते घरात भरपूर आहे.

पेशीघर

ताई, मी पुण्यात सेल कल्चरच्या लॅबमध्ये काम करते आणि चरबीतून पेशी काढणं हे माझं नेहमीचं काम आहे (संशोधनासाठी, पेशंटला द्यायला नाही). त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट देते.

चरबीत स्टेम सेल असतात हे खरं आहे, त्यात फसवणूक काही नाही. २००१ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या टीमने लायपोसक्शनमध्ये फेकून दिल्या जाणाऱ्या चरबीतून अशा पेशी काढून दाखवल्या ज्यांच्यापासून लॅबमध्ये हाडाच्या, कूर्चेच्या, चरबीच्या पेशी बनवता आल्या. त्याआधी अशा पेशींसाठी मुख्यतः अस्थिमज्जा काढावी लागायची, म्हणजे कमरेच्या हाडात सुई. चरबी त्यामानाने सहज मिळते, भरपूर मिळते, म्हणून सगळं जग तिकडे वळलं.

आता प्रत्यक्षात काय करतात ते. प्लास्टिक सर्जनकडून चरबी येते तेव्हा डब्यात वर पिवळा थर आणि खाली रक्तमिश्रित लाल पाणी असतं. ते पाणी काढून टाकायचं आणि चरबी सलाइनसारख्या बफरने धुवायची, परत धुवायची, पाणी गुलाबी यायचं थांबेपर्यंत. मग त्यात कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम घालायचं, साधारण ०.१ टक्का, आणि ३७ डिग्रीला अर्धा ते एक तास हलवत ठेवायचं. हे एन्झाइम चरबीच्या पेशींना धरून ठेवणारी कोलॅजनची जाळी तोडतं. गोळे विरघळतात आणि बाटलीत पातळ वरणासारखं काहीतरी दिसायला लागलं की समजायचं झालं. इथे वेळ पाळावा लागतो, कमी ठेवलं तर पेशी सुटत नाहीत, जास्त ठेवलं तर मरायला लागतात. मग एन्झाइमचं काम थांबवायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. वर तेल, त्याखाली तरंगणाऱ्या मोठ्या चरबीपेशी, मग पाणी, आणि तळाला लालसर चिकट ठिपका. आपल्याला हवं ते सगळं त्या ठिपक्यात. तो उचलायचा, तांबड्या पेशी फोडणारं द्रावण घालून रक्त घालवायचं, १०० मायक्रॉनच्या जाळीतून गाळायचं, आणि ट्रायपॅन ब्लू घालून मायक्रोस्कोपखाली मोजायचं, मेलेल्या पेशी निळ्या दिसतात.

इथपर्यंत दोन-तीन तास लागतात. म्हणजे क्लिनिकवाले वेळेबाबत खोटं बोलत नाहीयेत. पण या टप्प्याला हातात जे असतं त्याला स्ट्रोमल व्हॅस्क्युलर फ्रॅक्शन म्हणतात, एसव्हीएफ. त्यात रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी असतात, मॅक्रोफेज, लिम्फोसाइट अशा प्रतिकारशक्तीच्या पेशी असतात, आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या स्टेम सेल त्यात थोड्याच, ढोबळ मानाने शंभरात एक ते दहा. माणसागणिक, पोटाची चरबी की मांडीची त्यावर, वयावर हा आकडा बदलतो.

खऱ्या अर्थाने "वेगळ्या" करायच्या तर हे मिश्रण फ्लास्कमध्ये लावायचं, इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं, एक-दोन दिवसांनी न चिकटलेल्या पेशी धुऊन टाकायच्या. प्लास्टिकला चिकटून राहतात त्या लांबट, टोकाला निमुळत्या पेशी आपल्या. त्या वाढून फ्लास्क भरत आला की ट्रिप्सिनने सोडवून नव्या फ्लास्कमध्ये, असं दोन-तीनदा. मग फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींवरच्या खुणा मशीनने तपासायच्या. सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ या खुणा म्हणजे मार्कर ९५ टक्क्यांहून जास्त पेशींवर हवेत आणि सीडी४५ सारखे रक्तपेशींचे मार्कर दोन टक्क्यांच्या आत, हा निकष आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ पासून ठरवून दिलाय. शिवाय जंतू आणि त्यांचं विष नाही ना हे बघणाऱ्या स्टेरिलिटी, एंडोटॉक्सिन, मायकोप्लाझ्माच्या टेस्ट. हे सगळं दोन तासांत होत नाही, आठवडे जातात, आणि पेशंटला द्यायचं असेल तर जीएमपी, म्हणजे औषध बनवण्याच्या दर्जाची खोली लागते. साध्या ऑपरेशन थिएटरच्या बाजूच्या खोलीत सेंट्रिफ्यूज ठेवून हे होत नाही हो.

तर तुमच्या भावाला मिळणार आहे ते एसव्हीएफ. कागदावर स्टेम सेल लिहिलं असलं तरी.

कृष्णाकाठची

बापरे, इतकं स्वच्छ आम्हाला तिथे कुणीच सांगितलं नाही. खूप आभार. म्हणजे त्यांनी जे आकडे दिलेत, "कोट्यवधी स्टेम सेल", ते चूक आहे का? आणि युरोपात मंजूर झालंय ते काय?

पेशीघर

आकड्याचा हिशोब तुम्हीच करून बघा. एक ग्रॅम चरबीतून साधारण काही लाख केंद्रकवाल्या पेशी मिळतात. १०० ग्रॅम चरबी काढली तर काही कोटी, हे बरोबर. पण तो आकडा सगळ्या मिश्रणाचा. त्यातल्या स्टेम सेल काही लाख, फार तर पन्नासेक लाख धरा. युरोपात जे औषध होतं त्यात १२ कोटी पेशी असायच्या, त्याही वाढवलेल्या आणि तपासलेल्या. बाकीचं डॉक्टर लोकांनी सांगावं.

रात्रपाळी

मी जनरल सर्जन आहे, गुदमार्गाच्या सर्जरीच जास्त करतो, क्रोन्सचे पेशंट नेहमी बघतो. युरोपातल्या औषधाची गोष्ट सांगतो, कारण ती पूर्ण माहीत असणं तुमच्या निर्णयासाठी गरजेचं आहे. माहितीपत्रकात अर्धीच छापतात.

ही सगळी कल्पना स्पेनची. माद्रिदचे सर्जन दामियान गार्सिया-ओल्मो यांनी २००३ साली क्रोन्सच्या एका बाईच्या भगंदरात तिच्याच चरबीतल्या, लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी टोचल्या आणि ते भरलं. त्यातून पुढे ट्रायल सुरू झाल्या आणि अखेर डार्वाडस्ट्रोसेल नावाचं औषध तयार झालं, बाजारातलं नाव अ‍ॅलोफिसेल. यात पेशी पेशंटच्या नव्हत्या, निरोगी दात्याच्या चरबीतून काढून वाढवलेल्या होत्या. चार छोट्या बाटल्या, प्रत्येकी ३ कोटी पेशी, आणि सर्जनने त्या ठराविक पद्धतीने टोचायच्या, अर्ध्या आतल्या तोंडाभोवती आणि अर्ध्या मार्गाच्या भिंतीत. सलाइनमधून काहीही नाही.

त्याची मोठी ट्रायल २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आली. २१२ पेशंट. २४ आठवड्यांनी बाहेरची तोंडं बंद आणि एमआरआयमध्येही आत मोठा पू साठलेला नाही, असे लोक पेशीवाल्या गटात ५० टक्के आणि नुसतं सलाइन टोचलेल्या गटात ३४ टक्के. यावर २०१८ मध्ये युरोपात मंजुरी मिळाली, नंतर जपानमध्येही. आम्हा सगळ्यांना खरंच आशा वाटली होती, कारण या आजारात हाताशी फार काही नसतं. हे पेशंट किती हाल काढतात ते रोज बघतो.

मग त्याच कंपनीने दुसरी ट्रायल केली, दुपटीहून मोठी, ५६८ पेशंट, पद्धत तीच. २०२३ मध्ये निकाल आला. पेशीवाला गट ४८.८ टक्के, सलाइनवाला गट ४६.३ टक्के. फरक नाहीच म्हणायचा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने युरोपातली मंजुरी स्वतःहून परत केली.

आता यातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. सलाइनवाल्या गटातले ४६ टक्के लोक बरे कसे झाले? त्यांना "काहीच नाही" दिलं नव्हतं. दोन्ही गटांत आधी भूल देऊन मार्ग नीट तपासला, खरवडून साफ केला, दोन-तीन आठवडे सेटन ठेवला, मग सेटन काढून आतलं तोंड टाक्याने शिवलं, आणि बरेच जण बायोलॉजिक (इन्फ्लिक्सिमॅबसारख्या) औषधावरही होते. म्हणजे नीट केलेली सर्जरी आणि चालू असलेलं औषध यांनीच जवळपास निम्म्या लोकांचं भगंदर भरलं. ही गोष्ट साडेतीन लाखांची नाही आणि ती तुमच्या भावाला इथेच मिळू शकते.

इन्फ्लिक्सिमॅबबद्दल. २००४ ची एक मोठी ट्रायल आहे, भगंदरवाल्या क्रोन्सवरच. सुरुवातीच्या डोसला ज्यांनी दाद दिली त्यांच्यापैकी औषध चालू ठेवलेल्यांत वर्षाच्या शेवटी ३६ टक्के लोकांचं वाहणं पूर्ण थांबलेलं होतं, बंद केलेल्यांत १९ टक्के. जादू नाहीये, पण खरं आहे आणि इतक्या वर्षांचा अनुभव आहे. युरोपातली अलीकडची एक ट्रायल असंही दाखवते की ही इंजेक्शनं आणि सोबत आतलं तोंड सर्जरीने बंद करणं असं दोन्ही केलं तर १८ महिन्यांनी एमआरआयवर खरोखर भरलेले ३२ टक्के, फक्त इंजेक्शनवाले ९ टक्के. म्हणून पोटाचे डॉक्टर आणि सर्जन दोघांनी एकत्र बसून ठरवायला हवं. तुमचे दोघे एकमेकांशी बोलतात का हे आधी विचारा.

आणि एक, कुणी क्षारसूत्र (आयुर्वेदातला औषध लावलेला धागा) सुचवलं असेल तर साध्या भगंदरात त्याचा उपयोग होतो हे मीही मानतो, पण क्रोन्समध्ये स्नायू कापत जाणारा धागा घालू नये, संडासवरचा ताबा जाऊ शकतो. आता घातलाय तो सैल धागा असेल, तो फक्त पू वाहता ठेवण्यासाठी, त्याने गळू परत होत नाही. तो काढायची घाई नको.

गुडघेदुखी_गेली

सगळेच विरोधात बोलतायत म्हणून लिहितो. माझ्या मामांना गुडघ्यात चरबीच्या स्टेम सेल दिल्या, दोन वर्षं झाली, जिना चढतात आता. आधी खुर्चीतून उठायला धरावं लागायचं. मग उपयोग होत नाही असं कसं म्हणता? मोठमोठ्या कंपन्यांना स्वस्त उपचार नको असतात हेही लक्षात घ्या.

रात्रपाळी

मामांना बरं वाटतंय याचा आनंदच आहे आणि त्यांच्या अनुभवावर मी शंका घेत नाही. पण गुडघ्याची झीज आणि क्रोन्स हे वेगळे आजार आहेत. गुडघ्यात नुसतं सलाइन टोचलेल्या लोकांनाही कित्येक महिने बरं वाटतं हे ट्रायलमध्ये वारंवार दिसलंय, दुखणं कमीजास्त होत असतं आणि माणूस साधारण सगळ्यात जास्त दुखत असताना इंजेक्शन घ्यायला जातो. म्हणूनच तुलनेला दुसरा गट लागतो. आणि कंपन्यांचं म्हणाल तर इथे कंपनीनेच यावर पैसा लावला होता. ब्रिटनमध्ये त्या औषधाची छापील किंमत एका उपचाराला ५४,००० पौंड होती, आणि तिथल्या नाइस या संस्थेने २०१९ मध्ये ते सरकारी खर्चाने द्यायला नकार दिला. ज्यांना हे विकायचं होतं त्यांच्याच ट्रायलमध्ये ते दुसऱ्यांदा टिकलं नाही, यापेक्षा प्रामाणिक पुरावा कुठला मिळणार.

सकाळी_आखडलेली

मला आमवात आहे, बरीच वर्षं. मलाही सलाइनमधून स्टेम सेल द्यायची ऑफर आली होती, "शरीरभर फिरून जिथे सूज आहे तिथे जाऊन बसतात" असं सांगितलं. मी माझ्या रुमॅटॉलॉजिस्टना विचारलं तर त्यांनी शांतपणे नको म्हणून सांगितलं, मेथोट्रेक्सेट बंद करू नका म्हणाले. मी ऐकलं. पण मला अजून प्रश्न आहे की नसेतून दिलेल्या पेशी खरंच सूज शोधत जातात का? पेशीघर ताई सांगाल का?

पेशीघर

हो, आणि हा माझ्या आवडीचा विषय आहे म्हणून जरा लांबेल.

हाताच्या शिरेतून सोडलेलं रक्त आधी हृदयाच्या उजव्या बाजूला जातं आणि तिथून फुप्फुसात. या वाढवलेल्या पेशी आकाराने मोठ्या असतात, फुप्फुसातल्या केशवाहिन्या त्यांच्यापेक्षा बारीक. त्यामुळे बहुतेक पेशी तिथेच अडकतात आणि एक-दोन दिवसांत नाहीशा होतात. प्राण्यांमध्ये खूण केलेल्या पेशी सोडून हे पुन्हा पुन्हा बघितलं गेलंय. सांध्यापर्यंत किंवा आतड्यापर्यंत पोचतात त्या नगण्य. "जाऊन बसतात, नवीन टिश्यू बनवतात" हे चित्र आता या क्षेत्रात काम करणारे फारसं कुणी मानत नाही.

मग काहीच होत नाही का, तर तसंही नाही. लॅबमध्ये या पेशी सूज कमी करताना मी स्वतः बघते. नुसत्या ठेवल्या तर त्या फारसं काही करत नाहीत. पण बाजूला चिडलेल्या टी सेल (प्रतिकारशक्तीच्या पेशी) असतील, त्यांनी इंटरफेरॉन गॅमा हा सूज वाढवणारा संदेश सोडला असेल, तर या पेशी जाग्या होतात आणि आयडीओ नावाचं एन्झाइम बनवायला लागतात. ते आजूबाजूचं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल संपवतं, आणि त्याशिवाय टी सेलची वाढ अडते. दुसरीकडे त्या प्रोस्टाग्लँडिन ई२ सोडतात, त्याने मॅक्रोफेजचा स्वभाव बदलतो, आग लावणारे ते आग विझवणारे होतात. आणि फुप्फुसात मेलेल्या पेशींना जे मोनोसाइट खातात तेही नंतर शांत वागायला लागतात असं दिसलंय, म्हणजे मरूनही काही परिणाम करत असाव्यात. म्हणूनच संशोधन थांबलेलं नाही. दात्यानुसार पेशींचा जोर वेगळा, फ्रीझरमधून काढून लगेच दिल्या तर वेगळा, पेशंट स्टेरॉइडवर असेल तर वेगळा. हे सगळं कसं आवरायचं यावरच सध्या काम चाललंय.

आमवातात चरबीच्या पेशी नसेतून देऊन बघितलेल्या एका ट्रायलचा निकाल २०१७ मध्ये आला होता, ५३ पेशंट, स्पेनमध्येच. मुख्य उद्देश सुरक्षितता बघणं हा होता आणि बहुतेकांना ते झेपलं. उपयोग होतो असं ठामपणे सांगण्याइतकी ती मोठी नव्हती. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सल्ला दिला.

अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये याच जातीच्या पेशींच्या एका औषधाला मंजुरी मिळाली, पण ते अस्थिमज्जेतून काढलेलं, आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर दात्याच्या पेशी मुलाच्या शरीरावर हल्ला करतात आणि स्टेरॉइडनेही थांबत नाही अशा लहान मुलांसाठी. म्हणजे जिथे रीतसर काम झालं तिथे मार्ग निघतोय.

युट्रेक्टवरून

मी नेदरलँड्समध्ये असतो, मलाही क्रोन्स आहे आणि भगंदर होतं म्हणून हा धागा बघून राहवलं नाही. ताई, "युरोपात मंजूर" हे वाक्य आज खरं राहिलेलं नाही, वर डॉक्टरांनी सांगितलंय तसं ते मागे घेतलंय. आणि मंजूर होतं तेव्हाही ते दात्याच्या, कारखान्यात वाढवलेल्या पेशींचं औषध होतं. पोटाची चरबी काढून त्याच दिवशी टोचण्याला ती मंजुरी कधीच लागू नव्हती. त्या क्लिनिकला हे माहीत नसेल असं मला नाही वाटत.

डेन्मार्कमध्ये आरहूसच्या डॉक्टरांनी पेशंटचीच चरबी धुऊन, एन्झाइम न घालता, तशीच भगंदराभोवती टोचून बघितली होती, २१ पेशंट, त्यातले १२ जण बरे झाले असं २०१९ मध्ये छापून आलं. आशा वाटण्यासारखं आहे पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि सलाइनच्या गटातच ४६ टक्के बरे झाले हे कळल्यावर २१ पैकी १२ किती धरायचे ते तुम्हीच बघा. मी स्वतः अ‍ॅडालिमुमॅब (इन्फ्लिक्सिमॅबच्याच गटातलं औषध) घेतो, दर दोन आठवड्यांनी पोटावर इंजेक्शन, आणि सायकलवर ऑफिसला जातो. तुमच्या भावाला म्हणावं लागलं तर माझ्याशी बोल, मराठीत, या विषयावर बोलायला माणूस मिळत नाही हे मला माहीत आहे.

नियमावली

कायद्याची बाजू राहिली म्हणून लिहितो, मी एका एथिक्स कमिटीवर सामान्य सदस्य आहे. आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) आणि डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग) या सरकारी संस्थांची २०१७ ची स्टेम सेल मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात सरळ लिहिलंय की रक्ताच्या आजारांसाठीच्या बोन मॅरोसारख्या मान्य ट्रान्सप्लांट सोडून बाकी कशासाठीही पेशंटला स्टेम सेल देणं हे मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतं, त्याबाहेर ते अनैतिक धरलं जातं. भारतात या जातीच्या पेशींचं मंजूर औषध आहे, बेंगळुरूच्या कंपनीचं, अस्थिमज्जेतल्या पेशींचं, आधी बर्जर आजारात पायाचा रक्तपुरवठा बंद पडतो त्यासाठी आणि नंतर गुडघ्यासाठी. ते रीतसर ट्रायल करून आलंय. क्रोन्ससाठी चरबीवाल्याला अशी मंजुरी नाही.

तेव्हा क्लिनिकला फोन करून विचारा की ही ट्रायल आहे का. हो म्हणाले तर सीटीआरआयचा (भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा, ती साइट सगळ्यांसाठी खुली आहे, क्रमांक टाकून आजाराचं नाव, हॉस्पिटलचं नाव जुळतंय का बघा. ट्रायलमध्ये उपचाराचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात, उलट काही इजा झाली तर भरपाई पेशंटला द्यावी लागते, २०१९ च्या नियमांत ते आहे. साडेतीन लाख मागतायत म्हणजे ट्रायल नाही. आणि ट्रायल नाही म्हणाले तर मग कुठल्या मंजुरीखाली देताय ते लेखी मागा. किती टक्के पेशी जिवंत असतात, मिश्रणात नेमकं काय आहे याचा रिपोर्ट तुम्हाला मिळणार का, सहा महिन्यांनी एमआरआय कोण करणार, हेही विचारा. उत्तरं फोनवर नको, ईमेलवर.

"स्वतःच्याच पेशी म्हणून धोका नाही" याबद्दल एकच सांगतो. फ्लोरिडात तीन वयस्कर बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या होत्या, प्रत्येकीने ५,००० डॉलर भरले होते, दोन्ही डोळे एकाच दिवशी. तिघींचीही दृष्टी जवळजवळ गेली. २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलंय. पेशी त्यांच्याच होत्या. पुढे तिथल्या कोर्टांनीही असं चरबीतून काढलेलं मिश्रण म्हणजे औषधच आहे आणि त्याला औषधाचेच नियम लागतात असा निकाल दिला.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला शेजारी बसवून अख्खा धागा वाचून दाखवला आणि मग आईला साध्या भाषेत सांगितलं. नियमावली दादांनी सांगितलं तसं क्लिनिकला ट्रायलचा नंबर विचारला, तर म्हणाले डॉक्टरांशी प्रत्यक्ष बोला, फोनवर सांगता येत नाही, आणि या आठवड्यात पैसे भरले तर सूट देऊ. आत्तेभाऊ त्यावर गप्प बसला. भाऊ म्हणाला मला इन्फ्लिक्सिमॅबच घ्यायचंय, आणि युट्रेक्टच्या दादांशी बोलायचंय.

आईची एक शंका अजून आहे आणि मला ती बरोबर वाटते. त्याचा टीबीचा कोर्स झालाय आधीच, मग ही इंजेक्शनं दिली तर टीबी परत उठेल का? आणि खर्च किती येतो, कायमचं घ्यावं लागतं का?

रात्रपाळी

आईंची शंका अगदी रास्त आहे, त्यांना तसं सांगा. या गटातल्या औषधांनी दबलेला टीबी उठू शकतो आणि आपल्याकडे तो धोका खरा आहे. म्हणूनच सुरू करण्याआधी छातीचा एक्सरे, मॅन्टू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) ही टीबीची टेस्ट करतात, सोबत हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीही बघतात. भावाच्या बाबतीत आधीच्या कोर्सची फाइल महत्त्वाची, किती महिने घेतल्या, कुठल्या गोळ्या, टीबी खरंच सिद्ध झाला होता की अंदाजाने दिल्या होत्या. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे असतात की आपल्याकडे आधी टीबीची औषधं देऊन बघणं खूप होतं. ती फाइल पोटाच्या डॉक्टरांना दाखवा, टेस्टचा अर्थ त्यावरून लावता येतो. इंजेक्शन चालू असताना ताप, खोकला, वजन घटणं असं काही झालं तर वाट न बघता कळवायचं. आणि आत पू साठलेला असेल तर तो आधी काढूनच सुरू करायचं, म्हणून एमआरआय जुना असेल तर नवा करून घ्या.

खर्च वजनावर आणि ब्रँडवर अवलंबून असतो. मूळ ब्रँडऐवजी भारतात बनलेले बायोसिमिलर (त्याच औषधासारखी दुसऱ्या कंपनीची औषधं) मिळतात, ते बरेच स्वस्त पडतात, अ‍ॅडालिमुमॅबचंही तसंच. इन्फ्लिक्सिमॅब पहिल्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यात, सहाव्या आठवड्यात आणि मग दर आठ आठवड्यांनी असतं. कंपन्यांच्या पेशंट सपोर्ट योजना असतात, त्याबद्दल हॉस्पिटलच्या सोशल वर्करला भेटा. किती दिवस घ्यायचं हे आत्ता कुणी सांगू नये, वर्षभर बघून एमआरआयवर ठरवतात.

जाताना भावाला सोबत न्या आणि प्रश्न त्यालाच विचारू द्या. सेटन कधी काढायचा हा प्रश्न लिहून न्या, ते दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचंय.

युट्रेक्टवरून

ताई, मेसेज केलाय. भाऊ कधीही फोन करू दे, इथे साडेतीन तास मागे असतं उन्हाळ्यात, त्यामुळे तुमच्याकडे रात्री दहा वाजले तरी चालेल. पहिल्या इंजेक्शनला दोन तास सलाइन चालतं आणि नंतरही थोडा वेळ बसवून ठेवतात, तेव्हा बसायला रिंगवाली उशी घेऊन जा म्हणावं.